पाचूबंदरचा दगड आणि आमच्या गावचा नियम

माझ्या आईला समुद्र बघायचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण आम्ही वसईहून परतल्यापासून गावात जो तो तिला विचारतो, "काय काकू, समुद्र बघितला का?" आणि ती "व्हता तिथं" एवढंच सांगून पुढच्या कामाला लागते. ऐंशी पार केलेली बाई दोन म्हशी शेजारणीच्या भरवशावर सोडून चार दिवस घराबाहेर राहिली, ती खाऱ्या पाण्यासाठी नव्हे. ती गेली पास्कलसाठी आणि पास्कलच्या वाडीतल्या एका दगडासाठी.

पास्कल म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, दत्तूचा, फौजेतला जोडीदार. दोघंही गाड्या चालवायचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर जवानांचा शिधा घेऊन जाताना दत्तूची गाडी दरीत गेली. मागच्या गाडीवर पास्कल होता. दत्तूची पेटी घेऊन तोच आमच्या गावी आला आणि तेरावं होईपर्यंत आमच्या ओसरीवर राहिला. तेव्हापासून दर दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि दर नाताळला आई मला फोन लावायला लावते. "फराळ झाला का रं?" हा तिचा नाताळचा ठरलेला प्रश्न. तोही बिचारा दरवर्षी "झाला आई" म्हणतो.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या गावात मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. गाव मला नावानं ओळखत नाही, 'बाई' म्हणतं. चार वर्षांपूर्वी गावानं शहिदांचं स्मारक बांधलं, तेव्हा समितीची चिटणीस अर्थातच बाई. दगडावर कुणाची नावं घालायची याचा नियम मीच केला: लढाईत कामी आलेल्यांची. सरपंच म्हणाले, "बाई, दत्तूचंही घालू की." मी म्हटलं, "नाही. त्याला गोळी लागली नव्हती. उद्या लोक म्हणतील, बाईंनी भावाचं नाव घुसवलं." सभेत लोकांनी माना डोलावल्या. मला त्या दिवशी माझाच फार अभिमान वाटला होता.

आईला मी सांगितलं, "समितीनं नाही घेतलं." समितीत कोण कोण होतं, हे ती विचारणार नाही याची मला खात्री होती. तिनं विचारलं नाही. सरपंचांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायचं तेवढं सुरू केलं. चार वर्षं मी ते बघत होते आणि गप्प होते.

यंदाच्या नाताळच्या फोनवर पास्कल म्हणाला, "आई, आमच्या वाडीत फौजींचा दगड बसवलाय. जानेवारीत एका रविवारी नावं घेतात. तुमी याच." आईनं माझ्याकडे न बघताच "येते" म्हणून टाकलं. प्रवास लांबचा आहे, असं मी म्हणायला गेले, तर म्हणाली, "मग भाकऱ्या जास्त घे."

आचोळे

शुक्रवारी रात्री निघालो आणि शनिवारी सकाळी नालासोपाऱ्याला माझ्या मावसबहिणीच्या, शालनच्या दारात होतो. ती आचोळ्याला सातव्या मजल्यावर राहते. मूळची आमच्याच भागातली, आता 'उद्या मी तुला कॉल करते, ओके?' अशी बोलते. लिफ्टचं दार बंद झालं तसं आईनं माझा दंड धरला तो घरात शिरेपर्यंत सोडला नाही. आत गेल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली, "शालन, एवढ्या उंच पानी चढतं कसं गं?" शालन म्हणाली, "मावशी, चढतं तेव्हा चढतं." त्याच वेळी खाली गेटाशी टँकर लागला, आणि आईचा चेहरा एकदम खुलला. टँकर म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला घरच्यासारखं वाटतं.

शालननं कांदेपोहे केले, आईनं तिला शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन डब्यांतला एक दिला. दुसरा डबा कुणासाठी, असं शालननं विचारलं तर म्हणाली, "पास्कलच्या आईसाठी. तिचं पोर माझ्या पोराबरं व्हतं." शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला ऑफिसला जायचं होतं म्हणून ती लगेच डबा भरायला आत गेली.

वाडीकडे

दुपारी पास्कल रिक्षा घेऊन आला. केस पांढरे झालेत, पोट थोडं सुटलंय, पण चाल अजून परेडची. पायऱ्यांवरच त्यानं आईचे पाय धरले. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. ती त्याच्यात कुणाला शोधत होती, हे मला ठाऊक होतं. त्यालाही असावं, कारण तो हललाच नाही.

वसईच्या बाजूला वळलं की इमारती मागे पडतात. विहिरी, केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे वाफे. जानेवारीत इतकं हिरवं बघायची आमच्या डोळ्यांना सवय नाही. आई तर जरा नाराजच दिसली, जणू कुणीतरी तिच्या वाट्याचं पाणी इथं वळवलंय. वाटेत कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस होते, कुठं पांढरे, कुठं निळे, झेंडूच्या माळा घातलेले. आई प्रत्येकाला हात जोडत होती. मी हळूच म्हटलं, "अगं, त्यांचे देव वेगळे." ती म्हणाली, "माळ घातलीय न्हवं? मग झालं." पुढं मारुतीचं देऊळ लागलं, तेव्हा पास्कलनं रिक्षातूनच छातीला हात लावला. आईनं माझ्याकडे वळून जिंकल्यासारखं बघितलं.

पास्कलच्या वाडीत, पाचूबंदरला, शिरताना आधी वास येतो, मग गाव दिसतं. बांबूंच्या उंच मांडवांना बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते, ओळीच्या ओळी. आई रिक्षातून उतरून त्याखाली उभी राहिली. आमच्याकडे ज्वारीची कणसं खळ्यावर पडतात तसं इथं मासळीचं पीक हवेत लटकलेलं. "राखन कोन करतं?" तिनं विचारलं. "मांजरं," पास्कल म्हणाला, आणि आई मनापासून हसली. दत्तूही असंच काहीतरी बोलून तिला हसवायचा.

पास्कलची आई मार्था दारातच बसली होती. आईहून चारेक वर्षांनी मोठी, पण आवाज ठणठणीत. "ये गो बाय, बस. पानी पी. किती वरसं झाली, तुजं नाव आयकतंय मी."

"तुमचं पन," आई म्हणाली. "पानी गोड हाय."

मी तीस वर्षं पोरांना 'पानी नाही, पाणी' असं सांगण्यात घालवली. एक म्हातारी घाटावरची, एक समुद्रकाठची. दोघींनी मिळून अर्ध्या मिनिटात माझी सगळी नोकरी धुऊन टाकली.

जेवायला तांदळाच्या पातळ भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, तळलेली सुरमई. आमच्याकडे मटण म्हणाल तर रविवारचं असतंच, पण काटे असलेली वस्तू आईनं जन्मात खाल्ली नव्हती. बोंबील तिनं बरा खाल्ला, सुरमईला घाबरली. तेव्हा मार्थाआजीनं स्वतःचं ताट बाजूला सारलं आणि बोटांनी काटे काढून एकेक तुकडा आईच्या ताटात ठेवायला सुरुवात केली, लहान पोराला भरवतात तशी. आई खात राहिली. नंतर आईनं चटणीचा डबा उघडला, मार्थाआजीनं चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "यो तं इंगला हाय गो!" इंगळा म्हणजे निखारा, हे पास्कलला सांगावं लागलं नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

दगड

उन्हं कलल्यावर पास्कल आम्हाला दगड दाखवायला घेऊन गेला. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवतात, त्याच्याच कडेला, दोन ताडांच्या मधे. आमच्या गावासारखा चौथरा नाही, संगमरवर नाही, तोफ नाही. कमरेएवढा काळा दगड, आणि शेजारी झेंड्यासाठी जुन्या होडीची डोलकाठी रोवलेली. दगडावर पाच नावं. नावापुढं घराचं नाव. हुद्दा नाही, साल नाही, लढाई नाही. तीन नावं ख्रिस्ती, दोन हिंदू, आणि पुढ्यात मेणबत्तीचं मेण आणि उदबत्तीची राख एकाच पणतीत.

माझ्यातली चिटणीस जागी झाली. मी एकेक नाव बोट ठेवून विचारलं, "हे कुठल्या लढाईत?"

"इनास? नाय बाई, तो स्वयंपाकी. जहाजावर आग लागली." पास्कल सांगत गेला. "हरिश्चंद्र बर्फात. जोसेफ तर शिकाऊच होता, धावताना पडला, परत उठलाच नाय."

"मग शहीद कसे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मार्थाआजी काठी टेकत मागून आली होती. ती माझ्यावर रागावली नाही. वर्गात मुलानं खुळा प्रश्न विचारला की मी जशी समजवायचे, तशीच समजावायला लागली. "बाय, मानूस दर्याव जातो. कोन वादलात जातो, कोनाचा पाय घसरतो, कोन तापानं जातो होडीवच. आमी किनाऱ्याव काय इचारतो? परत नाय आला, एवडंच. पाठवला होता आमी, परत नाय आला. मंग नाव घ्याला नको?"

मग पास्कल घसा साफ करून म्हणाला, "आई, एक विचारायचं होतं. वाडीशी बोललोय मी, सगळे हो म्हनालेत. दत्तूचं नाव पन इथं घालू का? सहावं. तो आमच्याच तुकडीतला ना."

आईनं पदर तोंडाला लावला. रडताना ती आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात. "बघ," ती मला म्हणाली, "परकी मानसं घालायला निघाली. आनि आपला तो सरपंच! मेल्याचं कधी भलं व्हायचं न्हाई."

सरपंच बिचारे साधे गृहस्थ. त्यांनीच नाव सुचवलं होतं. चार वर्षं माझ्या वाट्याचा आईचा राग ते झेलत होते. मला ते आता सहन झालं नाही. मी म्हटलं, "आई, सरपंचांनी नाही. ते घालू म्हणत होते. मी नको म्हटलं. नियम माझा होता."

आईनं पदर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि मार्थाआजीचा हात धरून घराकडे चालू लागली. त्यानंतर त्या संध्याकाळी ती पास्कलशी बोलली, मार्थाआजीशी बोलली, दारातल्या मांजराशीसुद्धा बोलली. माझ्याशी नाही. जेवताना मी मीठ मागितलं, तर तिनं मीठ पास्कलच्या हातात दिलं.

रविवार

सकाळी चर्चमधली मिस्सा सुटली आणि वाडी दगडापाशी जमली. देवळाकडून हिंदू घरांतली माणसंही आली. फादरांनी छोटी प्रार्थना म्हटली, एका आजोबांनी नारळ फोडला, भाषण कुणीच केलं नाही. आमच्याकडे तासाभराची भाषणं असतात आणि त्यातलं एक माझं असतं, म्हणून मला ते फारच जाणवलं.

मग वाडीतला सगळ्यात म्हातारा तांडेल पुढं आला. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. तो लोकांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, आणि लांब असलेल्या होडीला हाक मारावी तशी त्यानं हाक मारली, "इनास!" गर्दीतून एका बाईनं उत्तर दिलं, "हाय!" ती त्याची बहीण. "हरिश्चंद्र!" त्याच्या पुतण्यानं "हाय" म्हटलं. अशी चार नावं झाली. पाचव्याला, जोसेफला, घरचं कुणी उरलेलं नाही. घर विकून माणसं कुठंकुठं गेली. तांडेलानं हाक मारली आणि अख्खी वाडी एकदम म्हणाली, "हाय!" म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, फादर, सगळे. शेजारी आई उभी होती, आणि मी तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं तो सोडवून घेतला.

सगळं आटोपल्यावर आई स्वतः पास्कलपाशी गेली. "लेका," ती म्हणाली, "तू ईचारलंस, त्यातच मला सगळं मिळालं. पन नगो. दत्तूला त्याचं गाव हाय. हिनं त्याला भाईर ठेवलाय, हीच त्याला आत घेईल." पास्कलनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, पण तो फौजी माणूस, वर झेंड्याकडे बघत राहिला.

मग आई पाण्याच्या दिशेनं चालायला लागली आणि मी तिच्या मागं. ओल्या वाळूवर पाय बुडायला लागले तशी ती थांबली. काल संध्याकाळनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तुला वाटतंय, मी दत्तूसाठी रागावले."

"मग?"

"दत्तू माझा हाय. त्याचं नाव मी रोज घेते, मला दगड लागत न्हाई. तानीचं काय?"

"कोण तानी?"

"तानूबाई. तिचा अशोक छावनीत काविळीनं गेला. तुझ्याच वर्गात व्हता ना? बाईंच्या सख्ख्या भावाचं नाव न्हाई म्हटल्यावर ती कुठल्या तोंडानं मागंल? आनि वरच्या आळीचा शिवा? तोबी फौजेतनं परत आला न्हाई. त्याच्या बानं एकदा तरी ईचारलं का तुला?" आई दमली होती, तरी थांबली नाही. "तू आपल्या भावाला बाजूला काढलंस, लोकांनी तुला मोठं म्हटलं. पन त्या दोघांना कुनी ईचारलंच न्हाई. तू दार लावलंस आनि आत एकटीच मिरवत बसलीस."

समुद्र समोर होता. मी त्याच्याकडे बघत असणार, पण काय दिसलं ते आठवत नाही. अशोक मला आठवला: तिसऱ्या बाकावरचा, अक्षर वाईट, पण पाढे तोंडपाठ. मी न्याय केला, असं मी चार वर्षं समजत होते. खरं म्हणजे मी फक्त माझं नाव सांभाळलं होतं. फार लाज वाटली. तसं मी आईला सांगितलंही.

"मग चल," ती म्हणाली, "उन्हं व्हायच्या आत."

परत

निघताना मार्थाआजीनं सुकेळी दिली. राजेळी केळी वाळवून केलेली, मधासारखी गोड, केळीच्याच सोपटात बांधलेली. आईनं वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. गावी पोचल्यावर म्हशींना वैरण घालायच्याही आधी ती अर्धी सुकेळी घेऊन सरपंचांच्या घरी गेली. सरपंच घाबरून मला फोनवर विचारत होते, "बाई, काकूंना काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, खा." आणि त्याच फोनवर सांगितलं की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मला एक ठराव मांडायचा आहे: नियम माझा होता, तो चुकीचा होता, आणि दगडावर तीन नावं यायची राहिली आहेत. ते म्हणाले, "मांडा. माझा हात आधी वर असंल."

मी वरच्या आळीला शिवाच्या वडिलांकडे जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला. मग संध्याकाळी तानूबाईकडे गेले. तिला तोंड दाखवणं जास्त अवघड होतं, म्हणून तिला शेवटी ठेवलं होतं. एवढी शूर मी आहे.

तानूबाई ओट्यावर पावटा सोलत बसली होती. मी तिच्यापुढं बसले आणि जे सभेत सांगणार होते तेच सगळं तिला सांगितलं. काविळीनं गेला म्हणून अशोक कमी फौजी ठरत नाही, हे मला फार उशिरा कळलं, माफ करा, असं म्हटलं. ती सोलत राहिली. माझं बोलणं संपलं, तरी तिच्या हातातल्या शेंगा चालूच होत्या. मला वाटलं, ही आता मला चार शब्द सुनावेल, आणि ते मी ऐकायला तयार होते.

तिनं शेवटची शेंग सोलली, टरफलं सुपातून बाजूला सारली आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "मग बाई, आता झेंड्याला मला यायला चालंल का?"

स्मारक झाल्यापासून गावाचं झेंडावंदन तिथंच होतं, आणि ती एकदाही आली नव्हती. मी दर वेळी पुढच्या रांगेत उभी राहून भाषण करत होते, आणि ती नाही हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

"चालेल," मी म्हटलं. "तुम्हाला न्यायला मी येते."